एकत्र ओतलेले पेरू

कोल्ड रूम बिघडली नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण कागदोपत्री ती बिघडलेली आहे आणि तशीच राहणार आहे. यंत्र ठणठणीत होतं, तापमान हवं तिथेच होतं, वीजही गेली नव्हती. तरीही आमची तीन वर्षांची मेहनत एका संध्याकाळी मातीत गेली. खरं तर मातीत गेली असती तरी चाललं असतं. मातीत गेलेलं काही ना काही परत मिळतं.

मी दिल्लीतल्या एका शेती संशोधन संस्थेत काम करते. काढणीनंतर फळं आणि भाज्या कशा टिकवायच्या, हा माझा विषय. बाबा फौजेत होते. त्यांची शेवटची पोस्टिंग दिल्ली कँटोन्मेंटमध्ये झाली आणि आम्ही इथलेच झालो. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. पण इतकी वर्षं इथे काढूनही मला राग आला की मराठीच सुचतं, आणि समोरच्याला ते कळत नाही. त्यामुळे पुष्कळ राग मी फुकट घालवलाय. हा तरी लिहून ठेवते.

माझ्या विषयातले लोक फळ झाडावरून उतरल्यावर त्याच्याकडे बघायला लागतात. माती विभागातले लोक झाडाच्या मुळाशी थांबतात. मधल्या झाडाचा दोघांनाही पत्ता नसतो. माती विभागात माझी एक मैत्रीण आहे, मूळची बिहारची. ती फरीदाबादला राहते आणि रोज मेट्रोने येते. एकदा डबा खाताना तिनेच विषय काढला. शेणखतावरचं फळ जास्त टिकतं असं सगळेच म्हणतात, पण आपल्या भागातल्या दमलेल्या जमिनीत, पेरूसारख्या नाजूक फळावर हे कुणी नीट तपासलंय का? मी म्हटलं, माझ्या बघण्यात तरी नाही. ती म्हणाली, "मग यार, आपणच बघू या ना."

पानिपतच्या अलीकडे, हायवे सोडून आत गेलं की एका निवृत्त फौजीची पेरूची बाग आहे. जमीन चोपण. पाणी दिलं की वर साचून राहायचं, जमीन सुकली की फरशीसारखी कडक व्हायची आणि वर पांढरा पापुद्रा धरायचा. अशा जमिनीत पेरूच तग धरतो म्हणून त्यांनी पेरू लावला होता. ते तोफखान्यात होते आणि काही वर्षं देवळालीला राहिले होते. मी मराठी आहे, त्यात फौजीची मुलगी, हे कळल्यावर त्यांनी खाट झटकून दिली आणि म्हणाले, "कसं काय बाई, बरं हाय ना?" त्यांच्याकडे वडिलांच्या थोरल्या भावाला ताऊजी म्हणतात. मीही तेच म्हणायला लागले.

ठरलं ते असं. बागेतल्या निम्म्या ओळी त्यांच्या नेहमीच्या पद्धतीने वाढवायच्या, म्हणजे युरियाच्या जोरावर. उरलेल्या ओळींना शेणखत द्यायचं, पावसाळ्यात मधल्या पट्ट्यांत धैंचा, म्हणजे हिरवळीच्या खताचं पीक, पेरायचा आणि फुलावर यायच्या आत तो तिथेच गाडायचा. युरिया अगदी थोडा. पहिल्या वर्षी काही म्हणता काही झालं नाही. ताऊजींचे भाऊ बांधावर येऊन विचारायचे की धैंचा कधी विकायला काढणार. दुसऱ्या वर्षी माझ्या मैत्रिणीने त्या पट्ट्यात खुरपं घातलं तर माती रव्यासारखी सुटी होऊन आली. आत गांडुळं होती. तिने मूठभर माती माझ्या नाकाशी धरली आणि वास घ्यायला लावला. शेजारच्या ओळीत खुरपं आत जायलाच तयार नव्हतं.

तिसऱ्या वर्षाच्या फळावर सगळं ठरणार होतं. मातीत फरक पडला होता, हे तिच्या तपासण्यांत आलं होतं. तो फरक फळाच्या टिकण्यात उतरतो का, हे मला बघायचं होतं. यातली अडचण नीट समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. दोन्ही ओळींचे पेरू तोडताना अगदी सारखे दिसत होते. तोच आकार, तीच पिवळट हिरवी साल. फरक असलाच तर तो साठवणीत, हळूहळू दिसणार होता. म्हणजे कुठला पेरू कुठल्या मातीतला हे सांगणारी एकच गोष्ट होती: तो कुठल्या क्रेटमध्ये आहे.

थंडीच्या सुरुवातीला आम्ही पेरू उतरवले आणि जीपमधून संस्थेत आणले. क्रेट अर्धवटच भरले, कारण फळांमधून हवा खेळायला हवी. प्रत्येक क्रेटला तारेने लेबल बांधलं आणि ते कोल्ड रूमच्या शेल्फांवर लावले. दर काही दिवसांनी मी त्यातली थोडी फळं बाहेर काढून त्यांचा टणकपणा, गोडी आणि सालीवरचे डाग तपासत होते. चांगलं चाललं होतं. खताच्या ओळींतले पेरू जास्त घट्ट राहत आहेत असं दिसायला लागलं होतं. पण आमच्या कामात दिसायला लागणं याला किंमत नसते. शेवटपर्यंत न्यावं लागतं. गावातले आणखी काही बागवाले त्या शेवटासाठी थांबले होते.

त्याच सुमारास आमच्या विभागप्रमुखांच्या मुलीचं लग्न निघालं. त्यांना आम्ही साहेबच म्हणतो. माणूस तसा गोड बोलणारा. लिफ्टमध्ये भेटले तर मुलांच्या परीक्षा विचारतात. लग्न छतरपूरकडच्या एका फार्महाऊसवर होतं आणि सगळी सजावट पांढऱ्या कार्नेशनची करायची होती. लग्नसराईत ऐन वेळी इतकी फुलं मिळायची नाहीत, म्हणून डेकोरेटरने ती गाझीपूरच्या फूलमंडीतून आधीच उचलली. मग ती ठेवायची कुठे असा प्रश्न आला, आणि साहेबांना आमची कोल्ड रूम आठवली.

यातलं मला काहीच माहीत नव्हतं. शनिवारी सकाळी मी तपासणीसाठी संस्थेत गेले. कोल्ड रूमचं दार उघडलं तर समोर पांढरी भिंत. शेल्फ वरपासून खालपर्यंत फुलांनी भरलेले. बादल्यांत फुलं, खोक्यांत फुलं. माझे क्रेट कोपऱ्यात एकावर एक रचलेले होते आणि ते मला कमी वाटले. जवळ गेले तेव्हा कळलं. अर्धवट भरलेल्या क्रेटमध्ये जागा वाया जातेय असं कुणालातरी वाटलं होतं. पेरू एकत्र ओतून क्रेट गच्च भरले होते आणि रिकामे बाहेर व्हरांड्यात टाकले होते.

कोल्ड रूम सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला मी विचारलं. तो म्हणाला, साहेबांचा फोन होता, जागा करून द्या म्हणाले. मग त्याने खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढून माझ्या हातात दिली. त्यात माझी लेबलं होती. सगळीच्या सगळी, तारांसकट जपून ठेवलेली. हरवू नयेत म्हणून त्याने काळजी घेतली होती.

मी मैत्रिणीला फोन केला. ती फरीदाबादहून घरच्याच कपड्यांवर आली. आम्ही व्हरांड्यात जमिनीवर बसलो, एक क्रेट मधोमध ओढला आणि पेरू निवडायला लागलो. हा घट्ट आहे, हा आपला असेल. पण आपला म्हणून घट्ट की अजून कच्चा म्हणून घट्ट? टणकपणावरून आम्हाला माती ओळखायची होती, आणि मातीवरून टणकपणा सिद्ध करायचा होता. थोड्या वेळाने तिने हातातला पेरू तसाच क्रेटमध्ये टाकला आणि म्हणाली, बस झालं, आपण स्वतःलाच फसवतोय.

मग मी साहेबांना फोन लावला. मागे ढोलक आणि बायकांची गाणी ऐकू येत होती. मी सांगितलं की चाचणी संपली, तीन वर्षं गेली. ते म्हणाले, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, सोमवारी पुन्हा मांडून घ्या. पुन्हा मांडता येत नाहीत, कुठला कुठला ते कळत नाही, हे मी दोनदा सांगितलं. ते म्हणाले, बिल्कुल काळजी करू नका, आपण काहीतरी मार्ग काढू.

आणि मग मी त्यांना त्यांच्या फायद्याची गोष्ट सांगितली. आमच्या घरी आई आंब्याची अढी घालायची तेव्हा एखादा पाडाला लागलेला आंबा मुद्दाम मध्ये ठेवायची, म्हणजे बाकीचे लवकर पिकायचे. पिकणाऱ्या फळातून एक वायू सुटतो, इथिलीन, त्याचं हे काम. फळाला तो पिकवतो, फुलाला तो मारतो. आणि कार्नेशन तर त्याला सगळ्यात आधी बळी पडतं. बंद खोलीत इतके पेरू आणि ही फुलं एकत्र राहिली तर फुलं उद्यापर्यंत मिटतील. हे माझ्या विभागाच्या प्रमुखाला मी समजावून सांगत होते.

"मॅडम," ते म्हणाले, "आज माझ्या मुलीची हळद आहे. असं अशुभ बोलू नका."

आणि फुलं जाईपर्यंत त्या खोलीतल्या कशालाही हात लावायचा नाही, असं त्यांनी कर्मचाऱ्याला फोन करून बजावलं. आम्हाला उरलेले पेरूही बाहेर काढता आले नाहीत.

लग्नाला मी गेले नाही. मैत्रीण गेली. तिने नंतर सांगितलं की कार्नेशनच्या पाकळ्या आत वळून पुडीसारख्या झाल्या होत्या. स्टेजच्या मागे घाईघाईने आणलेल्या झेंडूच्या माळा लावल्या होत्या आणि डेकोरेटर साहेबांच्या मेव्हण्याशी सगळ्यांदेखत भांडत होता.

सोमवारी मला केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, निदान वाईट वाटलं एवढं तरी म्हणतील. त्यांनी मला बसायलाही सांगितलं नाही.

"त्या खोलीत तुम्ही काय फवारलं होतं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "काहीच नाही, सर. तिथे पेरू होते. मी फोनवर सांगितलं होतं."

"पेरूने फुलं मरत नाहीत, मॅडम. काहीतरी औषध असणार."

काढणीनंतरच्या साठवणुकीत उभा जन्म घालवलेला माणूस हे म्हणत होता. माझ्यापेक्षा त्याला इथिलीन जास्त माहीत होतं. आमच्या विभागात रुजू होणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात हे शिकवतात, आणि मला ते त्यानेच शिकवलं होतं. अज्ञान असतं तर मी समजून घेतलं असतं.

दोन दिवसांनी एक टिपण फिरायला लागलं. कोल्ड रूमच्या यंत्रात बिघाड झाल्यामुळे चाचणी थांबवावी लागली, असा त्यातला मजकूर. मी आणि मैत्रिणीने सह्या करायच्या होत्या. सोयीचा मार्ग होता तो. चाचणीही गेली यंत्रामुळे, फुलंही गेली यंत्रामुळे, आणि यंत्राला काही नोकरी गमवायची भीती नसते. मी सही केली नाही. मैत्रिणीने केली.

आमचं यावरून कँटीनमध्ये कडाक्याचं वाजलं. मी तिला म्हटलं, तूच ती माती माझ्या नाकाशी धरली होतीस. तिने चहाचा कप खाली ठेवला. ती कंत्राटावर आहे, दरवर्षी तिची मुदत वाढवायची की नाही हे ठरतं, आणि त्या कागदावर साहेबांची सही लागते. "तुला परवडतं," ती म्हणाली, "मला परवडत नाही." मला त्या वेळी तिचाही राग आला आणि तो बरेच आठवडे टिकला. आता वाटतं, तिला असं एका सहीवर टांगून ठेवणाऱ्या व्यवस्थेचा राग मी शेजारच्या खुर्चीवर काढत होते. पण त्या वेळी हे सुचलं नाही.

ताऊजींना सांगायला मी एकटीच गेले. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं. ते झाडांच्या आळ्यात काम करत होते. मी सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. त्यांनी हात धुतले, खाटेवर बसले आणि विचारलं की मग माझ्या पेरूंचं काय ठरलं. मी म्हटलं, काहीच नाही ठरलं. ते म्हणाले, टिकतात की नाही, एवढंही नाही? मी म्हटलं, एवढंही नाही.

त्यांनी ओले हात गमछ्याला पुसले. मग म्हणाले, "आमच्यात कुणी साहेबाच्या वरातीसाठी तोफ ओढून नेली असती, तर त्याच्या खांद्यावर एक ताराही उरला नसता. तुमच्यात काय होतं?"

मी त्यांना सांगितलं की आमच्यात टिपण फिरतं.

वसंतात संस्थेचा शेतकरी मेळावा भरला. आमच्या विभागाच्या स्टॉलवर ताऊजींच्या बागेचे मोठे फोटो लावले होते. साहेबांनीच लावून घेतले होते. मातीचं आरोग्य आणि फळाचं टिकणं असं वर ठसठशीत लिहिलेलं. वरून एक मोठे अधिकारी पाहणीला आले. साहेब त्यांना फोटो दाखवत होते, शेणखत, धैंचा, गांडुळं, सगळं अगदी जिव्हाळ्याने सांगत होते. अधिकाऱ्यांनी विचारलं, मग हे पेरू किती जास्त टिकतात? प्रश्न अगदी योग्य होता. साहेबांनी माझ्याकडे हात केला आणि म्हणाले, आमच्या मॅडम सांगतील.

मी सांगितलं. हिंदीत, सगळ्यांना कळेल असं. "सर, ते सांगता आलं असतं, पण साहेबांच्या मुलीच्या लग्नाची फुलं ठेवायला सगळे पेरू एकत्र ओतले गेले."

मग ते अधिकारी हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला. ते हसले म्हणून बरोबरचे हसले आणि सगळ्यात शेवटी साहेबही हसले, माझ्या खांद्यामागे हात ठेवल्यासारखं करून. अधिकारी व्हेरी गुड म्हणाले आणि मश्रूमच्या स्टॉलकडे वळले. आयुष्यात एकदाच मी अशी सगळ्यांसमोर बोलले, आणि त्याचा विनोद झाला.

पुढच्या महिन्यात माझी प्रशिक्षण विभागात बदली झाली. कारण कुणी सांगितलं नाही. तिथे मी येणाऱ्या शेतकऱ्यांच्या बॅचसाठी हॉल मिळवते, वक्ते ठरवते, चहाची वेळ सांभाळते. ही कामं हलकी आहेत असं नाही, पण मला ती शिक्षा म्हणून दिली गेली. शेतकऱ्यांशी बोलणं ही आमच्या संस्थेत शिक्षा समजली जाते, याचाही मला राग आहे.

पुढच्या थंडीत ताऊजींचा फोन आला. म्हणाले, पेरू उतरवायला आलेत, ते टणकपणा मोजायचं यंत्र घेऊन या. मी म्हटलं, कोल्ड रूम माझ्या हातात नाही आता. ते म्हणाले, कोल्ड रूम आमच्या गावात आहे तरी कुणाकडे? आम्ही काय फळ फ्रिजमध्ये ठेवून विकतो?

मी मैत्रिणीला विचारलं नव्हतं. तिनेच येऊन विचारलं की कधी निघायचं, आणि त्या रविवारी ती माझ्या गाडीत त्यांच्याकडच्या गुळाच्या कडक पुऱ्यांचा, ठेकुआचा डबा घेऊन बसली. रस्त्यात आम्ही त्या सहीबद्दल बोललो नाही. सोनीपत गेल्यावर तिने डबा उघडला आणि पहिला ठेकुआ मला दिला.

ताऊजींनी मागची खोली रिकामी केली होती. दोन खाटांवर भाताचा पेंढा अंथरला होता, एक या भिंतीला, एक त्या भिंतीला. एका खाटेवर युरियाच्या ओळींतले पेरू, दुसऱ्या खाटेवर खताच्या ओळींतले. कामाची वेळ सोडली तर खोलीला कुलूप. आम्ही जमेल तसं जाऊन टणकपणा मोजत होतो. काही दिवसांत युरियाच्या खाटेवरचे पेरू मऊ पडायला लागले, देठाशी तपकिरी डाग आले, खोलीभर गोड, आंबूस वास सुटला. दुसऱ्या खाटेवरचे तेव्हाही कडकडीत होते. पुढच्या फेरीला पहिली खाट बहुतेक रिकामी करावी लागली होती, दुसरीवरचे अजून बाजारात नेण्यासारखे होते.

गावातले बागवाले बघायला आले. त्यांना आकड्यांशी देणंघेणं नव्हतं, त्यांनी सरळ अंगठ्याने पेरू दाबायला सुरुवात केली. दोन्ही खाटांवरचे दाबले, पुन्हा पुन्हा दाबले. मैत्रीण ओरडायला लागली की दाबून दाबून तुम्हीच सडवाल. ताऊजींचे ते बांधावरचे भाऊ दुसऱ्या खाटेपाशी फार वेळ उभे होते. पुढच्या पावसाळ्यात त्यांनी स्वतः धैंचा पेरला.

मी हे सगळं नीट लिहून संस्थेच्या समितीकडे दिलं. समितीने ते परत पाठवलं. साठवण घरगुती खोलीत झाली, तापमानावर नियंत्रण नव्हतं, एकाच हंगामाची माहिती आहे, त्यामुळे निष्कर्ष ग्राह्य धरता येत नाहीत. शास्त्राच्या दृष्टीने त्यांचं म्हणणं बरोबर आहे. मी त्या समितीवर असते तर मीही हेच म्हटलं असतं. पण नियंत्रण असलेली चाचणी आमच्याकडे होती, चांगली चालू होती, आणि ती कुणी मोडली हे त्या समितीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यातले निम्मे लोक त्या लग्नात जेवून आले होते.

मैत्रिणीची मुदत वाढली. साहेब सन्मानाने निवृत्त झाले. मी नवीन प्रमुखांकडे पुन्हा प्रस्ताव दिलाय, आणि त्यात एक अट घातली आहे की चाचणी चालू असेपर्यंत कोल्ड रूमची किल्ली चाचणी करणाऱ्याकडे राहील. नवीन प्रमुख म्हणाले, बाकी सगळं ठीक आहे, ही अट तेवढी काढा, बरं दिसत नाही. मी काढलेली नाही. प्रस्ताव त्यांच्या टेबलावर पडून आहे आणि परवा ताऊजींच्या भावाचा फोन येऊन गेला. त्यांच्याही घरात एक खोली रिकामी आहे म्हणे, आणि या वर्षी पेरू भरपूर धरलाय.